पेशंट पूल ओलांडतो, त्याचं कार्ड का नाही?

राजेगावच्या पुलावर उभे राहा. अलीकडे आपला बालाघाट जिल्हा, पलीकडे गोंदिया, खाली बाघ नदी. या पुलावरून रोज धान जातं, वऱ्हाडं जातात, कॉलेजची पोरं जातात आणि पेशंटही जातात. आपल्याकडे कुणाची तब्येत बिघडली की घरात पहिला प्रश्न असतो, "गोंदियाला न्यायचं की नागपूरला?" यात नवल काहीच नाही. बालाघाटहून गोंदिया 40 किलोमीटरच्या आसपास, आणि तिथे 2016 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. जबलपूर कितीतरी लांब पडतं.

माझ्या मावसबहिणीचं सासर लांजीकडे, माहेर आमगावकडे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. गरोदरपणाची नोंद, तपासण्या, सिकलसेलची चाचणी, सगळं इकडे झालं. आठव्या महिन्यात माहेरी असताना रात्री पोटात दुखायला लागलं. तिकडच्या एका दवाखान्यात नेलं, तर काउंटरवरून उत्तर आलं, "हे एमपीचं कार्ड आहे जी, इथं नाही चालत." इकडचे रिपोर्टही कुणी बघितले नाहीत. सगळ्या तपासण्या पुन्हा, तेही पैसे भरून. मावशीने शेजारून उसने आणले. आई-बाळ सुखरूप आहेत, पण ते उसने अजून फिटायचे आहेत.

आता नियम काय म्हणतो? आयुष्मान भारत योजना 2018 मध्ये सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, आणि देशात कुठेही, फक्त तो दवाखाना योजनेच्या यादीत हवा आणि तो उपचारही योजनेत बसायला हवा. म्हणजे "एमपीचं कार्ड चालत नाही" हे कारणच नियमात नाही. पण रात्री बारा वाजता यादीतला दवाखाना कोणता, हे मावशीला कोण सांगणार?

दोष एकट्या काउंटरवरच्या माणसाचा नाही. आपल्या संविधानात सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने राज्यसूचीत आहेत. म्हणून प्रत्येक राज्य आपल्या हद्दीपुरतं बघतं. 108 नंबर दोन्हीकडे एकच, पण यंत्रणा वेगळ्या. 1956 पर्यंत बालाघाट आणि भंडारा (गोंदिया तेव्हा त्यातच होतं) एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. मग राज्यं वेगळी झाली, पण रोटी-बेटीचा व्यवहार तसाच राहिला. शेजारी राज्यांनी एकत्र बसावं म्हणून क्षेत्रीय परिषदा बनल्या. त्यात मध्य प्रदेश मध्य परिषदेत आणि महाराष्ट्र पश्चिम परिषदेत. म्हणजे बाघ नदीच्या दोन काठांचं टेबलसुद्धा वेगळं!

योजना सीमा ओलांडू शकत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला 2023 ची गोष्ट सांगा. महाराष्ट्र सरकारने कर्नाटकातल्या 865 सीमावर्ती गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. तिथे सीमावाद आहे, कोर्टात खटला आहे. आपल्या बालाघाटचा तसा वाद नाही, म्हणून आपल्याकडे कुणाचं लक्षही नाही. भांडण असेल तरच आठवण येणार का? आपण नकाशा बदला म्हणत नाही. पेशंटचा हक्क त्याच्यासोबत जाऊ द्या, एवढंच म्हणतो.

आणि ही भीक नाही. सरकारी दवाखान्याने तातडीच्या पेशंटला वेळेवर उपचार न देणं म्हणजे कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, असं सुप्रीम कोर्टाने 1996 मध्येच पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सांगितलं आहे. पैसा नाही, ही सबबसुद्धा कोर्टाने मानली नाही.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. गोंदिया आणि नागपूरमधल्या यादीतल्या दवाखान्यांची नावं आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि पंचायतीत मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत लावा. गरोदर बाई आणि सिकलसेलच्या पेशंटची इकडची नोंद आणि रिपोर्ट तिकडे मान्य करा. सीमेवर अँब्युलन्स कुणी आणि कुठपर्यंत न्यायची, हे दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी बसून लेखी ठरवा. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही.

तोवर आपणही हातावर हात ठेवून बसायला नको. घरातल्या सगळ्यांची आयुष्मान कार्डं बनली का ते बघा. पेशंट नेताना रेफरची पर्ची आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवा. "चालत नाही" म्हटलं तर "लिहून द्या" म्हणा आणि तिथूनच 14555 ला फोन लावा. तुमच्या घरी असं घडलं असेल तर तारीख आणि कागदांसकट आम्हाला कळवा. नुसत्या तक्रारी हवेत विरतात. कागद जमले तर दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर एकच फाईल ठेवता येईल.