बोअर किती फूट, पाऊस किती मुरला?

बीडकडे कुणी बोअर मारला की प्रश्न ठरलेला – "किती फुटांवर लागलं?" ४००, ६००, ८००... लोक आकडे अभिमानाने सांगतात. पण मित्रांनो, पावसाचं पाणी जमिनीत मुरलं किती, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच.

आणि त्याचं उत्तर मोजता येतं! हैदराबादच्या एनजीआरआयच्या शास्त्रज्ञांनी गोदावरी-पूर्णा आणि कुकडी खोऱ्यांत, आपल्यासारख्याच बेसाल्टच्या मुलखात, ते मोजलं. पावसाळ्याआधी दोन-अडीच फूट खोल थोडं ट्रिटियमवालं पाणी सोडायचं. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. पावसाळा संपला की तिथली माती थराथराने काढून ते किती खाली सरकलं ते बघायचं. नवा पाऊस जुन्या ओलाव्याला खाली ढकलतो, त्यामुळे सरकलेलं अंतर आणि मातीतला ओलावा यांवरून हिशेब निघतो. १९८३ साली छापून आलेला निष्कर्ष असा, की सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर पावसातले जेमतेम पन्नासेक मिलिमीटर मुरले. दहा टक्केसुद्धा नाही!

काळ्या मातीच्या भेगांतून थेट खाली गेलेलं पाणी यात नीट सापडत नाही, हे मान्य. तरी पाणाड्याच्या हातावरच्या नारळापेक्षा हा आकडा बरा. २००९चा भूजल कायदासुद्धा ६० मीटरच्या खाली गेलात का, हे बघतो. आधी गावात मुरतं किती ते मोजा, मग बोअरला परवानगी द्या.

ट्रिटियम आपल्या हातात कोणी देणार नाही. पण असाच प्रयोग साध्या ब्रोमाइड क्षारानेही होतो. फायनल इयरच्या सिव्हिलवाल्यांनी येत्या जूनआधी होस्टेलमागच्या मैदानात भोकं पाडायला काय हरकत आहे?