चूक कोणाची, हे पानठेल्याने ठरवायचे का?

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद यांस,



गोंदिया जिल्ह्याला एकीकडून मध्य प्रदेश आणि दुसरीकडून छत्तीसगड लागून आहे. त्यामुळे शहरातल्या जयस्तंभ चौकात किंवा फुलचूर नाक्यावर एमएच-35, एमपी-50 आणि सीजी-08 अशा तिन्ही पाट्यांच्या गाड्या एकमेकींना खेटून चालतात. एकीचा बंपर दुसरीच्या दाराला घासला, की पाच मिनिटांत निवाडा होतो. न्यायाधीश म्हणजे पानठेल्यावरचे चौघे आणि मागे अडकलेला, हॉर्न वाजवणारा एखादा घाईतला. कसोट्याही ठरलेल्या: गाडी मोठी कोणाची, पाटी बाहेरची कोणाची, आवाज खालचा कोणाचा. कुणीतरी किल्ली काढून घेतो, डेंटिंग-पेंटिंगचा एक आकडा तोंडावर फेकला जातो, घासाघीस होऊन मोबाइलवरून पैसे जातात आणि गाड्या निघतात. मागे कागदाचा एक कपटाही उरत नाही. माझे म्हणणे एवढेच, की किरकोळ अपघातात दोष ठरवायची साधी, लेखी रीत आपल्याकडे नाही. ती घालून देणे आपल्या हातात आहे. ती नसल्याचा भुर्दंड मात्र नियमाने चालणाऱ्या विमाधारकाला पडतो.

मोठ्या अपघाताला रीत आहे. 29 नोव्हेंबर 2024 रोजी याच जिल्ह्यात सडक अर्जुनी तालुक्यात शिवशाही बस उलटून माणसे दगावली. अशा वेळी पोलीस, पंचनामा, न्यायाधिकरण सारे कामाला लागते. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अहवाल 48 तासांत आणि तपशीलवार अहवाल 90 दिवसांत द्यायचा असतो. माणसाला खरचटलेही नाही, फक्त पत्रा चेपला, तर यातले काहीच होत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 281 जिवाला धोका होईल अशा बेदरकार वाहन चालवण्याला लागते. चौकात चालण्याच्या वेगात घासलेल्या गाड्यांना ते क्वचितच लावता येते. तेव्हा ठाण्यात ‘आपसात मिटवा’ असे सांगितले गेले, तर तो दरवेळी पोलिसांचा आळस नसतो. दुसरा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा. मालमत्तेच्या नुकसानीचा दावा तिथे चालतो, आणि मोटारीच्या नेहमीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत परक्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षणही असते. म्हणजे पैसा ठेवलेला आहे. पण वीस हजारांच्या पत्र्यासाठी वकील लावून तारखा कोण मोजत बसणार?

मग उरतो स्वतःच्याच पॉलिसीवरचा क्लेम. तिथला हिशोब मांडून पाहू. सहा वर्षे जुनी, 1500 सीसीच्या आतली मोटार. दुरुस्ती वीस हजार, त्यात प्लास्टिकचा बंपर सहा हजार, दार नऊ हजार आणि मजुरी पाच हजार. प्लास्टिकवर घसारा 50 टक्के, या वयाच्या गाडीच्या पत्र्यावर 40 टक्के, आणि सक्तीची वजावट एक हजार. कंपनी देईल 12,400, घरचे जातील 7,600. आता या मालकाने पाच वर्षे क्लेम न घेता 50 टक्के नो क्लेम बोनस मिळवलेला आहे आणि बोनस धरण्याआधीचा स्वतःच्या गाडीपुरता हप्ता आठ हजार आहे, असे धरा. क्लेम घेताच बोनस शून्यावर येतो आणि 20, 25, 35, 45 अशा पायऱ्यांनी पुन्हा चढतो. हप्ता तेवढाच राहिला, तर पन्नास टक्क्यांवर परत पोचेपर्यंत मालकाचे 10,000 रुपये जास्तीचे गेलेले असतात. बारा हजार चारशे मिळवायला दहा हजार मोजायचे! आणि हे मागून धडक देणाऱ्यालाही आणि लाल दिव्याला शिस्तीत थांबलेल्यालाही सारखेच. आपल्या पॉलिसीवरच्या क्लेममध्ये चूक कोणाची, हे कंपनी विचारत नाही; परवाना, फिटनेस, हप्ता जागेवर असला की झाले. त्यात विमा कंपन्यांनी आपापसांत ‘नॉक फॉर नॉक’ अशी समजूत करून ठेवली आहे: ज्याने त्याने आपापल्या ग्राहकाचे भागवायचे, एकमेकांकडे मागायला जायचे नाही. कंपन्यांचा त्यात खर्च वाचतो हे मान्य. पण त्या समजुतीत निर्दोष ग्राहकाच्या बोनसचा बळी जातो आणि त्याला कुणी विचारलेलेही नसते.

म्हणून लोक चौकातच मिटवतात. गंमत अशी, की तसे मिटवणे पॉलिसीच्याच विरुद्ध आहे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे किंवा देऊ करायचे नाहीत, अशी अट नमुना पॉलिसीतच छापलेली असते. कंपनी म्हणते मिटवू नका, बोनसचे कोष्टक म्हणते मिटवा.

फ्रान्समध्ये आणि युरोपात इतरत्र यावर एक साधा उपाय रुळलेला आहे. गाडीतच एक छापील नमुना असतो. दोन्ही चालक जागेवर तो मिळून भरतात: वेळ, जागा, पॉलिसी क्रमांक, कोण वळत होते, कोण मागे घेत होते, कोण उभे होते यासाठीच्या चौकटी, खाली रस्त्याचे रेखाचित्र आणि दोघांच्या सह्या. त्यात चुकीची कबुली नसते, फक्त काय घडले ते असते. दोष किती कोणाचा, ते कंपन्या ठरलेल्या कोष्टकावरून पाहतात. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात तर असे कोष्टक सरकारी नियमातच आहे. आपल्याकडे त्याचा पाया तयार आहे. मोटार वाहन (चालन) विनियम 2017 मध्ये पुढच्या गाडीपासून अंतर, ओव्हरटेक, वळण, चौकातला अग्रक्रम हे सगळे लिहिलेले आहे. ते विमा क्लेमच्या कामाला जुंपायचे तेवढे बाकी आहे.

यावर पहिली हरकत येईल ती संगनमताची: दोघे मिळून खोटा नमुना भरतील. भरतील ना. पण आज एकटा माणूसही ‘भिंतीला घासली’ म्हणून सांगतो आणि ते तपासायला काही हाती नसते. दोन सह्या, दोन मोबाइल क्रमांक आणि वेळ-जागेसह जागेवरचे फोटो असले, तर खोटेपणा पकडणे सोपेच होईल. दुसरी हरकत अधिक खरी आहे: गर्दीत घेरलेला माणूस कशावरही सही करेल. म्हणूनच नमुन्यात कबुलीला जागाच नको, मराठी आणि हिंदी दोन्ही मजकूर हवा, आणि चोवीस तासांत कंपनीला वेगळे म्हणणे कळवायची मुभा हवी.

कोष्टकाने गुंतागुंतीच्या बाबी सुटणार नाहीत, असेही म्हणतील. दिवाळीनंतर गोरेगाव–कोहमारा रस्त्यावर आधारभूत खरेदी केंद्राकडे धानाचे कट्टे नेणारी ट्रॉली अंधारात उभी असते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. तिला मागून धडकलेल्या मोटारीचा पूर्ण दोष धरणे अन्यायाचे आहे. पण उपाय कोष्टक टाळण्यात नाही. विनादिव्याच्या उभ्या वाहनाला दोषाचा वाटा लावणारी ओळ त्यात घालता येते. न्यायालये अंशदायी निष्काळजीपणा कधीपासून मोजत आहेतच. विमा नसलेल्या वाहनांची हरकत मात्र मी खोडून काढू शकत नाही. समोरच्याकडे पॉलिसीच नसेल, तर वसुली अवघडच राहील. तरीही अशा वेळी निर्दोष ठरलेल्याचा बोनस तरी शाबूत ठेवता येईल, आणि त्यासाठी समोरच्याच्या खिशात हात घालावा लागत नाही.

जून 2024 च्या परिपत्रकात आपण सर्व्हेअर चोवीस तासांत नेमण्याचे बंधन घातलेत. तसेच एक परिपत्रक याबद्दल काढावे: संयुक्त नमुना प्रत्येक पॉलिसीसोबत छापील द्यावा, दोषाचे कोष्टक जाहीर करावे, आणि त्यानुसार निर्दोष ठरलेल्याचा बोनस कापू नये. वाद उरलाच, तर गोंदियाच्या माणसाला विमा लोकपालासाठी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पुण्याकडे पाहावे लागते. लहान रकमेच्या दोषवादांचा निकाल व्हिडिओ सुनावणीने ठरलेल्या मुदतीत लागावा, एवढी भरही त्यात घालावी. प्रयोग करून पाहायचा असेल, तर तीन राज्यांच्या पाट्या एका चौकात येणारा हा जिल्हा त्याला सोयीचा आहे.

आपला,
गोंदिया जिल्ह्यातील एक विमाधारक