कोयता आणि संमतीपत्र

नव्या औषधाची चाचणी माणसांवर करायची, तर आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. 2019च्या केंद्रीय नियमांनुसार या कमिटीत किमान सात सदस्य हवेत आणि त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत. एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक असणे बंधनकारक आहे. आणखी एका जागेवर समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक यांपैकी कुणीही चालतो. नीतितज्ज्ञ मिळेलच याची खात्री नियम करणाऱ्यांनाही नसावी, म्हणून एवढे पर्याय. ही खात्री यायची असेल, तर महाराष्ट्रातल्या एखाद्या सर्वसाधारण विद्यापीठात बायोएथिक्सचा, म्हणजे जैवनीतिशास्त्राचा, दोन वर्षांचा पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम हवा. तो केवळ डॉक्टरांसाठी नको. कायदा, नर्सिंग, समाजकार्य, तत्त्वज्ञान अशा कुठल्याही वाटेने आलेल्या विद्यार्थ्याला तिथे प्रवेश मिळाला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: नीती घरच्या संस्कारांतून येते, ती वर्गात काय शिकवणार? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पाचे काय झाले, ते या आक्षेपापुढे ठेवून पाहावे. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात किशोरवयीन मुलींना ही लस देण्यात आली. 2010 मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला. काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही, असे चौकशीत म्हटले गेले. पण वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन वा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, हेही पुढे आले. 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. सही करणारे वॉर्डन संस्कारहीन होते असे मानायला काही आधार नाही. मुलींचे भलेच होते आहे, असेच त्यांना वाटले असेल. चुकले ते त्याच्या आधी. हा प्रकल्प म्हणजे संशोधन की नुसते लसीकरण, आईवडील दूर असलेल्या मुलीच्या वतीने कुणी बोलायचे आणि नकार देणे तिला खरोखर शक्य होते का, हे प्रश्न वेळेवर आणि नेमकेपणाने विचारले गेले नाहीत. त्यासाठी सदिच्छेबरोबर कायद्याचे वाचन, आकडेवारीची समज आणि युक्तिवादाची शिस्त लागते. या तिन्ही गोष्टी शिकवता येतात.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. रुग्णाच्या खाटेजवळ कधी उभे न राहिलेल्या माणसाने आम्हाला काय सांगायचे? शिवाय एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा भाग आलेलाच आहे. तो आला हे चांगलेच झाले. पण खाटेजवळ एकटा डॉक्टर नसतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ल्यानंतर भान हरपून अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची शुश्रूषा तिथल्या परिचारिकांनी दशकानुदशके केली. 2011च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांच्या दयामरणासाठी याचिका करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांना न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाला मर्यादित वाट मोकळी करून दिली. वर्षानुवर्षांच्या सेवेने निर्णयाचा अधिकार मिळतो का, हा प्रश्न शरीरशास्त्राचा नाही. 2018 मध्ये न्यायालयाने लिव्हिंग विलला, म्हणजे उपचारांबाबत आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला, मान्यता दिली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागेल, अशी अट घातली. ही पद्धत इतकी किचकट ठरली की 2023 मध्ये न्यायालयालाच ती सोपी करावी लागली. रुग्णालयाचे दैनंदिन व्यवहार ठाऊक असलेली आणि कायदाही वाचलेली माणसे आपल्याकडे पुरेशी असती, तर ही अडचण पाच वर्षे आधीच कुणीतरी दाखवून दिली असती, असे मला वाटते.

मग परदेशी जाऊन शिकावे, हा पर्याय उरतो. अमेरिकेत जैवनीतिशास्त्राचा अभ्यास करणारे हेस्टिंग्ज सेंटर 1969 मध्ये आणि वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाची केनेडी इन्स्टिट्यूट 1971 मध्ये सुरू झाली. तिथला अभ्यास पक्का आहे यात वाद नाही. परंतु त्या परंपरेचा मोठा भर व्यक्तीच्या स्वायत्ततेवर राहिला आहे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे काय? मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि कामाचा दिवस बुडाला की खाड्याचे पैसे कापले जातात. मासिक पाळीमुळे खाडा नको, शिवाय कर्करोगाची भीती घातलेली, अशा दडपणाखाली कितीतरी स्त्रियांनी तरुण वयात गर्भाशय काढून टाकले. आरडाओरड झाल्यावर 2019 मध्ये राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. अशा शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर बाईचा अंगठा अगदी नियमाप्रमाणे उमटलेला असू शकतो. तिला निवड होती की नाही, ते पाहायचे तर दवाखान्याबाहेर पडून फडावर जावे लागते, मुकादमाचा हिशेब वाचावा लागतो आणि तिच्या मराठीत तिच्याशी बोलावे लागते. हा अभ्यास वॉशिंग्टनमध्ये बसून होणार नाही. फक्त वैद्यकीय विद्यापीठातही तो होणार नाही, कारण अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे विभाग तिथे नसतात.

या विषयाची जमीन महाराष्ट्रात आधीच नांगरलेली आहे. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा या राज्याने 1988 मध्ये केला, केंद्राच्या सहा वर्षे आधी, आणि त्यामागे कार्यकर्त्यांचा रेटा होता. आज ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ म्हणून ओळखले जाणारे नियतकालिक 1993 पासून मुंबईतून निघते. ते डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभे केले. शेजारच्या कर्नाटकात मंगळुरूच्या येनेपोया विद्यापीठाने नीतिशास्त्राचे स्वतंत्र केंद्र काढले. आपल्या मोठ्या विद्यापीठांनी मात्र ही चळवळ बहुतेक बाहेरूनच पाहिली.

राहता राहिला नोकरीचा आणि पैशांचा सवाल. पदवी घेऊन मुलांनी करायचे काय, ही पालकांची काळजी रास्त आहे, आणि पहिल्या काही तुकड्यांना वाट स्वतःच पाडावी लागेल. तरी एथिक्स कमिट्यांची सचिवालये, अवयव प्रत्यारोपणाची केंद्रे, सरोगसी आणि गर्भपाताची प्रकरणे पाहणारी मंडळे, इथले काम आजही कुणीतरी करतेच आहे, बहुधा मूळ नोकरी सांभाळून. पैसा औषध कंपन्यांकडून थेट घेऊ नये, कारण ज्यांची तपासणी करायची त्यांच्याच देणगीवर विभाग चालवणे बरे नव्हे. पण चाचणीचा प्रस्ताव तपासण्यासाठी अनेक कमिट्या कंपन्यांकडून शुल्क आकारतात. त्यातला ठरावीक हिस्सा राज्य पातळीवरच्या एका निधीत जमा करून तिथून शिष्यवृत्त्या द्याव्यात. पहिल्या जागा ग्रामीण रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी राखाव्यात आणि अभ्यासाच्या काळात त्यांना पगारी रजा मिळावी.