दहा-सव्वीस-सव्वीस

कृषी सेवा केंद्रात ‘दहा-सव्वीस-सव्वीसच्या चार गोण्या द्या’ असं सांगणारा शेतकरी रसायनशास्त्राचीच सांकेतिक भाषा बोलत असतो. शंभर किलो खतात नत्र दहा, स्फुरद सव्वीस, पालाश सव्वीस. क्रम ठरलेला, शब्द एकही नाही, आणि वाचण्यात चूक झाली तर भुर्दंड हंगामभराचा. तरी या भाषेचा धसका कुणी घेतलेला नाही. म्हणूनच ‘सामान्य वाचकांसाठी लिहायचं तर सूत्रं गाळा’ हा नियतकालिकांतला रुळलेला संकेत आम्हाला पटत नाही. सूत्र गाळून मजकूर सोपा होतोच असं नाही. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा, दोघांचं आडनाव एकच. पण धुण्याच्या सोड्यात सोडियमचे दोन अणू असतात, खायच्या सोड्यात त्यांतल्या एकाची जागा हायड्रोजननं घेतलेली असते. एक ढोकळ्यात चालतो, दुसरा तोंड पोळवतो. हा फरक नावात दिसत नाही, सूत्रात दिसतो.

चिन्हं पाहूनच वाचक पान उलटतो, असा आक्षेप येतो. तो खोटा नाही. डाल्टननं 1808 मध्ये अणूंसाठी वर्तुळं काढली होती. पुढे बर्झेलियसनं अक्षरं आणली, ती खुद्द डाल्टनला अखेरपर्यंत रुचली नाहीत. अणुसिद्धांत मांडणाऱ्याची ही गत, तर इतरांना काय बोल लावायचा? पण अडचण बुद्धीची नसून ओळखीची आहे, हेच त्यातून दिसतं. सोडियमचं चिन्ह ‘एनए’ का, याला ‘नेट्रियम या लॅटिन नावावरून’ एवढं अर्ध्या ओळीचं उत्तर पुरतं.

याहून अवघड आक्षेप असा की सूत्रही फसवतं. ते खरं आहे, आणि पुरावा त्याच गोणीवर आहे. तिथला स्फुरदाचा आकडा फॉस्फरसचा नसतो, पी-टू-ओ-फाइव्ह या ऑक्साइडचा असतो, पालाशचा के-टू-ओचा. ही ऑक्साइडं त्या रूपात गोणीत नसतातच. जुन्या काळी पृथक्करणाचे निष्कर्ष ऑक्साइडांच्या वजनात मांडत, ती रीत छापील राहून गेली. नत्र मात्र थेट नत्र म्हणूनच मोजलं जातं! हिशेब केला तर पन्नास किलोच्या गोणीत नत्र 5 किलो, पण फॉस्फरस 13 नव्हे, सुमारे 5.7 किलो, आणि पोटॅशियम सुमारे 10.8. आता इथे सूत्र झाकून ठेवलं तर फसवणूक कायम राहते. उलगडून सांगितलं तरच कळते. त्यामुळे या अंकातल्या विज्ञानलेखांत सूत्रं ठेवली आहेत, आणि प्रत्येक सूत्र पहिल्यांदा येतं तिथेच ते नेमकं काय मोजतं हेही छापलं आहे. पानं थोडी वाढली आहेत.