परळपर्यंतचे अंतर

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे मुंबईच्या उपनगरी गाड्या सर्वसामान्य उतारूंसाठी बंद झाल्या, तेव्हा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे दार उघडे असूनही जांभूळ-बदलापूरच्या पट्ट्यातून रक्तकर्करोगाच्या बालकाला तेथवर नेणे दुष्कर झाले. ४५ देशांतील, कोरोनाची लागण झालेल्या १,३१९ कर्करोगग्रस्त मुलांच्या नोंदींत सुमारे ४ टक्के मुले कोरोनाने दगावली, आणि हे प्रमाण निरोगी मुलांहून कितीतरी अधिक आहे. परंतु कर्करोगावरील उपचार चालू असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या उपचारांत फेरफार करावे लागले, ही गोष्ट मला तितकीच चिंताजनक वाटते. मूलपेशींचे प्रत्यारोपण झालेल्या बालकाची तर पूर्वीच्या लसींनी दिलेली प्रतिकारशक्तीही बहुधा लोपते. त्याला त्या लसी पुन्हा द्याव्या लागतात, आणि तोवर घरातील इतरांचे लसीकरण हाच त्याचा मोठा आधार असतो.

सरकारदरबारी माझी मागणी एवढीच, की अशा कमी प्रतिकारशक्तीच्या बालकाला ताप येताच पांढऱ्या पेशींची तपासणी आणि प्रतिजैविकाची पहिली मात्रा तासाभरात, अहोरात्र, परळऐवजी जवळच्या उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयातच मिळण्याचा पक्का बंदोबस्त व्हावा, परळच्या वैद्यांचा लेखी सल्ला तेथे ग्राह्य धरला जावा, आणि त्या खर्चाची तजवीज पुढील साथीची वाट न पाहता याच अंदाजपत्रकात व्हावी.