शेणाचा हिशेब आधी, शेताचा मागाहून



एका भगिनीचं पत्र आलंय. सासरची साठ एकर जमीन आहे. यजमानांच्या मनात आहे की नोकरी सोडून गावी जावं, रासायनिक खतं-औषधं बंद करून सगळी शेती सेंद्रिय करावी, वीसेक गुरं ठेवावीत. आपले दागिने त्यात घालावेत का, असं ती विचारते. नाव छापू नका म्हणते. पण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. म्हणून आज स्वयंपाकघर बाजूला ठेवून जरा गोठ्यात जाऊ या.

ही काही आजकालची टूम नव्हे हं! 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ इंदूरला तीनशे एकरांवर प्रयोग करीत होते. पालापाचोळा, धसकटं, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती नि राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा, अधूनमधून वरखाली करायचं; तीनेक महिन्यांत खत तयार. हीच ती ‘इंदूर पद्धत’. 1931 सालच्या त्यांच्या पुस्तकावर यशवंत वाड यांचंही नाव आहे. हॉवर्ड यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. 1930 साली त्या वारल्या, तोवर दोघांनी जोडीनंच काम केलं.

तेव्हा पद्धत खरी. पण मोठं शेत म्हणजे मोठा संसार, आणि संसार नुसत्या उमेदीवर चालत नाही. कागद-पेन्सिल घ्या नि माझ्याबरोबर मांडा.

एक मोठं जनावर दिवसाला दहा किलो शेण देतं असं धरू. वीस जनावरांचं दोनशे किलो, म्हणजे वर्षाला सुमारे 73 टन. कुजताना वजन घटतं, काडीकचऱ्यानं भर पडते. ढोबळमानानं तेवढंच धरा. एकरी पाच टन घालायचं तर ते जेमतेम पंधरा एकरांना पुरेल! म्हणजे प्रत्येक रानाची पाळी चार वर्षांनी. मधल्या वर्षांत ताग-धैंचा गाडायचा, तूर, हरभरा, मूग अशी द्विदल पिकं फेरपालटीत घ्यायची, बांधावर गिरिपुष्प लावायचं. ‘गाई घेतल्या की खताची चिंता मिटली’ असं कुणी म्हणालं, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

आता या वीस पोटांचा शिधा. दर जनावराला रोज वीस किलो हिरवा नि पाच किलो वाळला चारा धरला, तरी दिवसाला चारशे नि शंभर किलो झाला. वाळला चाराच वर्षाला 36 टन! तो विकत आणायची पाळी आली तर दुधाचा पैसा त्यातच जातो. म्हणून जनावरं आणण्याआधी चाऱ्याचं रान राखून ठेवा आणि कडब्याच्या गंजीला पावसाळ्यापूर्वी आडोसा करा. सगळ्या गाई एकदम दुधात नसतात, विण्याआधी दोनेक महिने आटतात, हेही ध्यानात असू द्या. शिवाय 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. थकलेल्या बैलाचा चारा शेवटपर्यंत आपल्याच वहीत मांडायचा.

एक सोय मात्र हातासरशी करून घ्या. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागतं. लहान कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होतो, आणि बाहेर पडणारी मळी खत म्हणून वापरता येतेच.

सगळ्यात अवघड आहे तो मधला काळ. प्रमाणपत्राच्या राष्ट्रीय नियमांप्रमाणे हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी साधारण दोन वर्षं, फळबागेसाठी पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षं रूपांतराची धरतात. या दिवसांत उत्पन्न घटू शकतं, आणि ‘सेंद्रिय’ म्हणून जादा भावही मागता येत नाही. घर तर रोजच चालवायचं असतं! मुलांची फी, म्हाताऱ्यांची औषधं कुठून येणार, हे आधी लिहून काढा.

म्हणून त्या भगिनीला माझं सांगणं असं: यजमानांना नाउमेद करू नका, पण दागिनेही काढून देऊ नका. दहा एकरांपासून नि चार जनावरांपासून आरंभ करा. त्या रानाचा माल नि नोंदी वेगळ्या ठेवा. शेजारच्या फवारणीचे तुषार येतात, त्यासाठी कडेला पट्टा सोडा. पगार चालू असतानाच हे दोन हंगाम पाहा. गावी राहणारं माणूस भरवशाचं असेल तरच हे जमेल.

आणि ते माणूस बहुतेक तुमची जाऊच असणार! शेण काढणं, चारा घालणं, धारा काढणं, खताचे थर रचणं ही कामं बाईच्या वाट्याला येतात आणि कुठल्याच वहीत चढत नाहीत. खर्चाच्या यादीत गड्याच्या मजुरीखाली जाऊबाईंचाही पगार लिहा, आणि तो दर महिन्याला त्यांच्या स्वतःच्या खात्यात जाऊ द्या. तेवढं लिहूनही हिशेब जुळत असेल तर खुशाल पुढं पाऊल टाका. जुळत नसेल, तर ती शेती फायद्याची नव्हे; ती एका बाईच्या फुकटच्या कष्टांवर उभी आहे, असंच समजा.