क्यूबवर पोट भरेल काय ?

रुबिकचा रंगीत घन, मुलें ज्याला नुसतें ‘क्यूब’ म्हणतात तो, हल्लीं मधल्या सुटींत पुष्कळांच्या हातीं दिसतो. त्यांतील कांहीं विद्यार्थी ‘आम्ही यावरच पोट भरूं’ असें घरीं सांगूं लागले आहेत, आणि पालक चिंतातुर होऊन आमच्याकडे येतात. तेव्हां या धंद्याचा जमाखर्च एकदां मांडून पाहिला पाहिजे.

हा क्यूब बुडापेस्ट येथील एर्नो रुबिक या अध्यापकानें १९७४ सालीं तयार केला. (एका शिक्षकानें साऱ्या जगास नादीं लावलें, याचें आम्हांस थोडें कौतुकही वाटतें !) त्याच शहरीं १९८२ सालीं जी जागतिक स्पर्धा झाली, तींत मिन्ह थाई या तरुणानें २२.९५ सेकंदांत क्यूब सोडवून जय मिळविला. २०२३ सालीं अमेरिकेंतील मॅक्स पार्क यानें हेंच काम ३.१३ सेकंदांत केलें. वेग असा वाढला. मिळकत मात्र त्या मानानें वाढली नाहीं. २००४ सालीं स्थापन झालेल्या वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या नियमांनीं होणाऱ्या स्पर्धा बहुतांशीं स्वयंसेवक चालवितात. प्रवेश-फी स्पर्धकानेंच भरावयाची, गाडीभाडें आपलें, मुक्काम आपला. आणि जिंकल्यावर पुष्कळदां प्रशस्तिपत्र घेऊन घरीं यावयाचें. रोख बक्षीस असलेंच, तरी त्यावर वर्षाचें धान्य भरतां येईल असें क्वचितच. क्रिकेट पाहण्यास लोक तिकीट काढतात. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच संपणाऱ्या खेळास तें कोण काढणार?

पैसा आहे, पण तो दुसरीकडे आहे. स्पिन मास्टर या कॅनडांतील कंपनीनें २०२० सालीं रुबिकची मालकी सुमारें ५ कोटि डॉलरांस घेण्याचा करार केला. क्यूब बनविणारे, विकणारे, शिकविणारे आणि यूट्यूबवर समजावून सांगणारे यांना मिळकत होते. उत्पादक कांहीं निष्णात स्पर्धकांना फुकट क्यूब देतात, क्वचित् मानधनही. पण तेवढ्यावर संसार चालविणारे बोटांवर मोजण्याइतके. म्हणून शालान्त परीक्षा सोडून या मागें लागणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

तथापि पालकांनीं मुलाच्या हातांतील क्यूब हिसकावूं नये. मॅक्स पार्क यास बालपणींच ऑटिझमचें निदान झालें होतें. बोटांना वळण लागावें, चार माणसांत मिसळतां यावें, म्हणून आईबापांनीं त्यास या खेळांत घातलें. तो पुढें २०१७ सालीं पॅरिसमध्यें जगज्जेता झाला, हा भाग निराळा; मुलगा लोकांत वावरूं लागला, हीच त्या घरची खरी कमाई असावी, असें आम्हांस वाटतें.

आणि ज्या विद्यार्थ्यास यांतच राहावयाचें आहे, त्यानें आपण किती सेकंदांत क्यूब सोडवितों हें आम्हांस सांगूं नये. शेजारच्या बाकावरील मुलास तो सोडविण्यास शिकवितां येतो काय, एवढें सांगावें.